शेण, श्वास आणि वही: सांभाळातल्या मॅनाटीची तब्येत कशी पाहावी

कोल्हापूरकडे म्हशींच्या गोठ्यांतून उमेदवारी करत होतो तेव्हाची गोष्ट. आमचे जुने डॉक्टर जनावराला हात लावण्याआधी गोठ्याच्या मागच्या अंगाला जाऊन उभे राहायचे. मालक पुढून कहाणी सांगत असायचा आणि हे शेणाकडे बघत असायचे. परतीच्या वाटेवर मोटारसायकलवरून ओरडून सांगायचे, "मालक काय, काहीही सांगेल. शेण खरं सांगतं." पुढे कित्येक वर्षांनी फ्लोरिडातल्या एका पुनर्वसन केंद्रात पहिल्याच सकाळी माझ्या हातात स्टेथोस्कोप आला नाही. आली ती लांब दांड्याची जाळी आणि एक वही. टाकीतलं तरंगतं शेण गोळा कर, मोज, लिही. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मॅनाटी म्हणजे पाणगाय. नावात गाय असली तरी नातं हत्तीशी. पुढच्या वल्ह्यासारख्या पायांवर हत्तीसारखी नखं असतात, आणि झिजलेल्या दाढा पुढून गळून मागून नव्या सरकत येतात, हाही हत्तीच्याच घराण्याचा गुण. आपल्याकडे मॅनाटी नाही. तिचा नातेवाईक डुगाँग मात्र आहे: मन्नारच्या आखातात, पाल्कच्या सामुद्रधुनीत, कच्छच्या आखातात आणि अंदमान-निकोबारला. डुगाँगची शेपटी माशासारखी दुभंगलेली, मॅनाटीची पोळपाटासारखी गोल. सिंगापूरला जाऊन आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींनी रिव्हर वंडर्समधल्या त्या भल्यामोठ्या काचेपुढे मॅनाटीबरोबर फोटो काढलेला असतो. पशुवैद्यकीची आपली काही मुलं आता परदेशी प्राणिसंग्रहालयांत आणि मत्स्यालयांत कामाला जातात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी, आणि काचेपुढे उभं राहून "ही हलत का नाही?" असं विचारणाऱ्यांसाठीही.

एक गोष्ट आधीच सांगतो. अमेरिकेत मॅनाटी सांभाळणं हे मत्स्य व वन्यजीव सेवेच्या परवानगीनेच होतं. इथे लिहिलंय ते परवानाधारक केंद्रात, अनुभवी पशुवैद्याच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. आपल्या किनाऱ्यावर डुगाँग अडकलेला दिसला तर वनखात्याला कळवायचं. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. स्वतः हात घालायचा नाही.

हे जनावर आजार लपवतं, म्हणजे नेमकं काय

म्हैस आजारी पडली की रवंथ थांबतो, कान पडतात, दूध आटतं. संध्याकाळपर्यंत घरात सगळ्यांना कळतं. मॅनाटीचं सगळंच संथ. तिच्या आकाराच्या इतर सस्तन प्राण्याच्या मानाने तिचा चयापचय जेमतेम पाचव्या हिश्शाइतका. खाल्लेलं बाहेर पडायला आठवडाभर लागतो. चेहऱ्यावर भाव म्हणून काही नाही. निरोगी मॅनाटी तळाशी दगडासारखी पडून असते आणि आजारी मॅनाटीही तळाशी दगडासारखीच पडून असते. त्यामुळे "आज कशी दिसते?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. "कालपेक्षा, गेल्या मंगळवारपेक्षा कशी आहे?" हा कामाचा. आणि त्याचं उत्तर डोक्यात राहत नाही, वहीत राहतं.

पहिली पायरी: जनावराची ओळख आणि त्याचं 'नेहमीचं'

टाकीत चार राखाडी पाठी असतात. नवा माणूस पहिले आठ दिवस गोंधळतो. ओळख पटते ती बहुधा जखमांच्या व्रणांवरून: बोटीच्या पंख्याने पाठीवर ओढलेल्या समांतर रेघा, शेपटीच्या कडेला निघालेला तुकडा. कातडीखाली मायक्रोचिप असतेच, पण पाण्यातल्या जनावराची चिप रोज कोण वाचणार? व्रणांचा एक साधा नकाशा कागदावर काढून टाकीपाशी लावावा. नर की मादी हे पोट दिसल्याशिवाय कळत नाही. मूत्र-जनन छिद्र बेंबीच्या जवळ असेल तर नर, गुदाच्या जवळ असेल तर मादी.

नवं जनावर आलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याचं 'नेहमीचं' ठरवायचं. विश्रांतीत दर किती मिनिटांनी श्वास, कोणत्या कोपऱ्यात झोपतं, कोणती भाजी आधी खातं, शेण दिवसातून किती वेळा, तरंगताना पाठ सपाट की किंचित कललेली. पुस्तकातले आकडे लागतात, पण ते या आकड्यांच्या शेजारी ठेवून वाचायचे. शक्यतो एकाच माणसाने, एकाच वेळी, एकाच जागी उभं राहून नोंद करावी. पाळी बदलली की नोंदीची भाषा बदलते, आणि मग 'थोडी सुस्त' म्हणजे नेमकं किती, यावर नंतर भांडणं होतात.

एका सकाळची नोंद कशी असते ते बघा:

"७:१०. पाणी २७ अंश. तिघी तळाशी, चौथी पृष्ठभागावर. तिची डावी बाजू थोडी वर, श्वास घेतल्यावर पुन्हा सरळ. २० मिनिटांत ७ श्वास. नाकातून काही नाही, वास नाही. रात्रीच्या कोबीतला ३ किलो उरला, काल १ उरला होता. शेण ४ गोळे, नेहमीपेक्षा लहान, टणक. लेट्यूस दाखवल्यावर आली, पण वळून गेली आणि मग पुन्हा आली."

यात निदान एकही नाही, नुसतं पाहिलेलं आहे. शेवटचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. 'खाल्लं' एवढंच लिहिलं असतं तर ते वळून जाणं निसटलं असतं.

दुसरी पायरी: तरंगणं बघा

काठावर उभं राहून सगळ्यांत जास्त माहिती मिळते ती जनावर पाण्यात कसं बसलंय यावरून. हे समजायला शरीररचना थोडी माहीत हवी. मॅनाटीची फुफ्फुसं छातीत गोळा झालेली नसतात. ती कण्याखाली, पाठभर, लांब आणि चपटी पसरलेली असतात. श्वासाचा पडदा एक नसून दोन, तेही आडवे, आणि दोन्ही बाजूंच्या पोकळ्या वेगळ्या. वर हवेच्या दोन लांब पिशव्या आणि खाली वजनाला भरीव हाडं. बरगड्यांत पोकळी नाही, मज्जा नाही, नांगराच्या फाळासारखी घट्ट. या जुळणीमुळे निरोगी मॅनाटी पाय न हलवता पाण्यात सपाट उभी राहते.

म्हणूनच एक बाजू सतत वर येत असेल तर तिथे फुफ्फुसाबाहेर हवा साठली असण्याची शंका घ्यायची. बोटीच्या धडकेत मोडलेली बरगडी फुफ्फुसात घुसली की असं होतं. एक बाजू खाली ओढली जात असेल तर द्रव किंवा पू. बुडी मारायला धडपड करावी लागतेय, श्वास सोडूनही बूच तरंगावं तशी वरच राहतेय, हे तातडीचं आहे. फोन तेव्हाच करायचा, नोंद नंतर.

शेपटी वर आणि डोकं खाली असं पोहत असेल तर आधी पोटाचा विचार करा. आतड्यातला वायू मॅनाटीला तरंगायला उपयोगी पडतो. तो सोडून ती खाली जाते, साठवून वर येते. बद्धकोष्ठ झालं की हे नियंत्रण जातं आणि मागची बाजू फुग्यासारखी उचलली जाते. हे पहिल्यांदा ऐकून मी हसलो होतो. नंतर प्रत्यक्ष बघितलं तेव्हा हसू आलं नाही.

तिसरी पायरी: श्वास मोजा

विश्रांतीत मॅनाटी साधारण दर तीन ते पाच मिनिटांनी नाकपुड्या वर काढते. गाढ पडून असेल तर वीस मिनिटांपर्यंतही खाली राहू शकते. पंधरा सेकंदांची मोजणी करून तिला चारने गुणणं इथे निरर्थक आहे. किमान पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून. एका श्वासात ती फुफ्फुसातली बहुतेक सगळी हवा बदलते, म्हणून प्रत्येक श्वास ऐकण्यासारखा असतो. निरोगी श्वास म्हणजे एक फुस्स आणि लगेच झाकणं बंद. ओलसर खरखर, दोनदा-तीनदा घेतलेले तुटक श्वास, नाकपुडीवर चिकट शेंबूड, किंवा कुजका वास आला की तो लिहायचा. वासासाठी वारा जनावराकडून आपल्याकडे येईल असं उभं राहावं लागतं. हे कुणी शिकवत नाही.

चौथी पायरी: काय गेलं आत

रानातली मॅनाटी दिवसाला वजनाच्या ४ ते ९ टक्के ओला पाला खाते. सांभाळात मुख्य खाणं रोमेन लेट्यूस, त्यासोबत कोबी, केल, पालक, थोडी गाजरं, रताळी आणि शाकाहारी प्राण्यांसाठीची दाबलेली बिस्किटं. पेटीच्या पेट्या रिकाम्या होतात. अडचण अशी की लेट्यूस म्हणजे जवळजवळ पाणीच. पोट भरतं, अंगाला लागेलच असं नाही. म्हणून जीवनसत्त्व अ आणि ई कडे लक्ष ठेवावं लागतं आणि बिस्किटं कोण खातं, कोण थुंकतं हे बघावं लागतं. एक मॅनाटी सगळी बिस्किटं पळवते आणि दुसरी नुसतं हिरवं चघळते, अशी टाकी मी पाहिली आहे. एकूण बेरीज रोज बरोबर यायची आणि एकीचं वजन मात्र घटत होतं.

घातलेलं तोलायचं, उरलेलंही तोलायचं. उरलेलं निथळून, नाहीतर तुम्ही पाणी तोलताय. ओठांवरच्या राठ केसांनी ती पाला हातासारखा आत ओढते. हे काम दोन्ही बाजूंनी सारखं चालतंय का ते जवळून बघा. एकाच बाजूने खात असेल तर तोंडात जखम किंवा गळाचा दोर अडकलेला असू शकतो.

गोडं पाणी हा वेगळा विषय. मॅनाटी खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यात राहते, पण प्यायला तिला गोडंच लागतं. खारट टाकीत नळीने पाणी सोडलं की ती नळीचं तोंड तोंडात धरून बसते. कोण किती वेळ धरून बसलं हीसुद्धा नोंदच. जी कधी येत नव्हती ती आज नळी सोडत नाही, तर पाणी कुठेतरी कमी पडतंय.

पाचवी पायरी: काय आलं बाहेर

माझा आवडता भाग. मॅनाटीचं पचन घोड्यासारखं, मागच्या आतड्यात आंबवून. म्हशीच्या कोठ्यासारखी पुढे सोय नाही. आतडी कित्येक मीटर लांब. आज जाळीत आलेलं शेण हे गेल्या आठवड्याच्या जेवणाचं असतं, हे विसरून चालत नाही. काल बदललेल्या खाण्याचा दोष आजच्या शेणाला देता येत नाही.

चांगलं शेण तरंगतं, हिरवट-तपकिरी, हातात घेतलं तर मऊ, आत बारीक झालेले तंतू. वास गवताळ, घोड्याच्या लिदेच्या जवळ जाणारा. पाहायचं ते असं: गोळ्यांची संख्या आणि आकार, टणकपणा, तंतूंची लांबी, चिकट आव, रक्त, वाळू, प्लास्टिकचा किंवा मासेमारीच्या दोराचा तुकडा. तंतू अचानक लांब यायला लागले तर चावणं किंवा आंबणं बिघडलंय. गोळे लहान आणि कोरडे झाले, संख्या घटली, तर दोन दिवस वाट बघत बसायचं नाही. या जनावरात साधं बद्धकोष्ठही हळूहळू जिवावर उठतं. बुडबुड्यांकडेही लक्ष द्या. वायू सुटतोय म्हणजे वाट मोकळी आहे.

ताज्या नमुन्याचा थोडा भाग सूक्ष्मदर्शकाखाली: रानातून आलेल्या जनावरांत चपट्या कृमींची अंडी सर्रास दिसतात. मोठ्या आतड्यात राहणारा एक कृमी आहे, नाकात राहणारा दुसरा. अंडी दिसली म्हणून लगेच औषधांचा मारा करायचा नसतो, जनावराची एकूण अवस्था बघून ठरवतात. थोडं शेण गोठवून ठेवावं. त्यातून ताणाचे आणि गाभणपणाचे संप्रेरक मोजता येतात, तेही जनावराला हात न लावता.

पाणी आणि टाकी

मॅनाटीची तब्येत म्हणजे निम्मी पाण्याची तब्येत. २० अंश सेल्सियसच्या खाली पाणी फार काळ राहिलं की तिला थंडी बाधते. ही नुसती हुडहुडी नव्हे. नाक, वल्ही आणि शेपटीच्या कडा पांढऱ्या पडतात, त्यावर व्रण येतात, चरबी झडते, आतडी थंडावतात, प्रतिकारशक्ती कोसळते आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणून टाकी २५ अंशांच्या आसपास किंवा थोडी वरच ठेवतात. तापमान दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा, वर आणि तळाशी दोन्हीकडे मोजा. आम्लता आणि क्लोरीन रोज. अमेरिकेच्या नियमानुसार सागरी सस्तन प्राण्यांच्या टाकीत कोलिफॉर्म जिवाणूंचं प्रमाण १०० मिलिलिटरमागे १,००० च्या वर जाता कामा नये. डोळे सतत मिटलेले, कातडी खरबरीत, अशी सगळीच जनावरं एकदम दिसली तर आधी पाण्याची चाचणी करा, जनावरांची नंतर. पाठीवरचं हिरवं शेवाळ मात्र घाण समजून घासू नका. तिची कातडी सतत सोलवटत असते आणि शेवाळ त्याबरोबर जातं.

जाळ्या, बोल्ट, झडपा, झाकणं हीसुद्धा आरोग्यतपासणीच. फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनचा स्नूटी हा जगातला सर्वांत दीर्घायुषी ज्ञात मॅनाटी. त्याचा जन्म २१ जुलै १९४८ चा. ६९ व्या वाढदिवसाचा सोहळा झाला आणि दुसऱ्याच दिवशी, २३ जुलै २०१७ ला, तो गेला. एरवी बंद असलेलं एक झाकण निघालं होतं. आतल्या नळांच्या जागेत लहान मॅनाटी शिरून बाहेर येऊ शकत होत्या. स्नूटी शिरला, पण देह मोठा, वळता आलं नाही, आणि तो बुडाला. आजार काही नव्हता. तेव्हापासून मी जिथे काम केलं तिथे सकाळच्या वहीत शेणाच्या आधी बोल्टचा रकाना असतो.

पाण्याबाहेरची तपासणी

काठावरून कळतं तेवढं कळून झालं की जनावर कोरड्यावर घ्यावं लागतं. प्रकृती नाजूक असेल तर आठवड्याला, स्थिर असेल तर महिन्याला किंवा आणखी अंतराने. मोठ्या केंद्रांत तळ वर उचलणारी टाकी असते. नसेल तर पाणी काढतात. खाली जाड फोमच्या गाद्या, वर सावली, हाताशी पाण्याच्या बादल्या आणि स्पंज. कातडी सतत ओली ठेवायची.

माणसं आठ-दहा लागतात, आणि कोण कुठे हे आधी ठरलेलं हवं. मॅनाटी चावत नाही, पण ४५० किलोचं जनावर लोळलं की बरगड्या तुमच्या मोडतात. शेपटीजवळ कधी उभं राहायचं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा माणूस हातात काहीच काम नसलेला असतो. तो तोंडाशी गुडघ्यावर बसतो, नाकपुड्यांवरून नजर हलवत नाही आणि प्रत्येक श्वासाला मोठ्याने "श्वास!" म्हणतो. दुसरा वेळ लिहितो. मी पहिल्यांदा त्या जागी बसलो तेव्हा मागे वजनाच्या आकड्यांवरून काहीतरी गडबड झाली आणि क्षणभर मान वळवली. परत बघतो तर झाकणं बंद. आत्ता घेतला की नाही घेतला? लिहिणाऱ्या बाईंनी काही न बोलता मला उठवलं आणि दुसऱ्याला बसवलं. त्यांचं बरोबर होतं. पाण्याबाहेर स्वतःच्याच वजनाखाली दबलेल्या जनावराचा श्वास चुकतो. पाच मिनिटांत श्वास आला नाही तर नाकपुड्यांवर पाणी ओतून, अंग हलवून तो घ्यायला लावतात, आणि बाकी सगळी कामं तोवर थांबतात.

हृदयाचे ठोके ईसीजीवर किंवा सोनोग्राफीत मोजतात. मिनिटाला ४० ते ६० च्या दरम्यान असले तर चिंता नसते. तापमापी तोंडात गालाच्या आत लावतात, आणि वाचन फार गंभीरपणे घेऊ नये, कारण तोंडात नुकतंच गार पाणी गेलेलं असतं. श्वास सुस्त वाटत असेल तर नाकपुडीवर मुखवटा धरून बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात.

वजन क्रेनला टांगलेल्या झोळीतून. एकटं वजन मात्र फसवतं, कारण आतड्यातला ऐवज हाच देहाच्या वजनाचा मोठा भाग असतो. चार दिवस शेण न झालेली मॅनाटी काट्यावर छान भरते. म्हणून सोबत लांबी, काखेपाशी, बेंबीपाशी आणि शेपटीच्या मुळाशी घेर, आणि सोनोग्राफीने चरबीच्या थराची जाडी. डोळ्यालाही दिसतं: निरोगी मॅनाटीला मान नसते, डोकं सरळ धडात मिसळतं. भुकेल्या मॅनाटीला डोक्यामागे खाच पडते आणि भुईमुगाच्या शेंगेसारखा आकार येतो. पोट खाली आत गेलेलं, कातडीच्या घड्या. २०२१ मध्ये फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमधलं समुद्रगवत संपल्यावर आलेली जनावरं अशी होती. त्या वर्षी फ्लोरिडात सुमारे १,१०० मॅनाटी मेल्याची नोंद आहे. उपाशी जनावराला एकदम भरपेट खायला घालत नाहीत. आधी पाणी, मग नळीने पातळ कालवलेला पाला, आणि रक्तातल्या क्षारांवर रोज नजर.

लघवीसाठी एक गमतीदार युक्ती आहे. छिद्राखाली उलटी फ्रिस्बी सरकवतात आणि वाट बघतात. कित्येक तपासण्यांत ती वाट सगळ्यांत लांबते.

रक्त

रक्त पुढच्या वल्ह्याच्या आतल्या अंगाने, रेडियस आणि अल्ना या हाडांमधल्या फटीतून घेतात. तिथे एक शीर नसून धमन्या-शिरांचा जुडगा आहे. शीर दिसत नाही, बोटाला लागत नाही. हाडांची फट चाचपून सुई सरळ घालायची. जागा आधी नीट निर्जंतुक करा. तळ्यात राहणाऱ्या जनावराची कातडी म्हणजे जिवाणूंचा बाजार. नमुना धमनी आणि शिरेचा मिसळलेला येतो, म्हणून त्यातले वायूंचे आकडे जपून वाचा.

पांढऱ्या पेशींची संख्या बघून सुटकेचा श्वास टाकू नका. मॅनाटीत आत पू असूनही ती सामान्य असू शकते. दाह ओळखायला या जनावरात सीरम अमायलॉइड ए हे प्रथिन फार उपयोगी ठरलं आहे. ते आधी वाढतं आणि बरं वाटायला लागलं की उतरतं. त्याच्या जोडीला अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिनचं गुणोत्तर, फायब्रिनोजेन, साखर, क्षार, मूत्रपिंडाचे आकडे. स्नायूंचं क्रिएटिन कायनेज वाढलेलं दिसलं तर आधी विचारा: काल ट्रकमधून आली का? धरताना झटापट झाली का? मॅनाटीच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना लाल कण असतात आणि त्यांना हेटेरोफिल म्हणतात. स्वयंचलित यंत्र तिथे गोंधळू शकतं. काचेवर रक्ताचा थर ओढून माणसाने बघितलेलं बरं.

लाल भरती, मस्से आणि नवा पाहुणा

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कारेनिया ब्रेव्हिस या शैवालाची लाल भरती येते. त्याचं विष श्वासातून आणि समुद्रगवतावरून पोटात जातं. स्नायू फडफडतात, झटके येतात, जनावराला डोकं वर काढता येत नाही. अशा वेळी तपासण्या मागे राहतात. माणसं उथळ पाण्यात तासन् तास डोकं धरून बसतात. विष उतरलं की जनावर अनेकदा लवकर सावरतं.

नव्याला आधी वेगळ्या टाकीत ठेवायचं. १९९७ मध्ये होमोसासा स्प्रिंग्ज इथल्या सांभाळातल्या मॅनाटींच्या कातडीवर मस्से दिसले आणि त्यामागे पॅपिलोमा विषाणू निघाला. म्हणून जाळी, दोर, बूट टाकीगणिक वेगळे.

पोरकी पिल्लं

पिल्लू जन्मतः सुमारे ३० किलोचं. आईचे स्तन काखेत असतात, तेव्हा बाटली धरतानाही पिल्लाचं तोंड त्या कोनात आलं तर ते लवकर ओढायला लागतं. मॅनाटीच्या दुधात लॅक्टोज जवळपास नसतं, चरबी भरपूर असते. गाईचं दूध म्हणजे जुलाबाला आमंत्रण. दिवसरात्र काही तासांनी पाजणं, रोज वजन, रोज साखर. पिल्लात सगळ्यांत भीती आतड्याच्या दाहाची: पोट फुगतं, पिल्लू वर तरंगत राहतं, दूध टाकतं. सोनोग्राफीत आतड्याच्या भिंतीत वायू दिसला तर परिस्थिती गंभीर. पिल्लाच्या बाबतीत 'उद्या बघू' हा शब्द वहीत नको.

जनावरालाच कामाला लावा

दर वेळी दहा माणसांनी धरण्यापेक्षा जनावर स्वतःहून वल्हं पुढे करायला शिकलं तर सगळ्यांचंच भलं. सारासोटाच्या मोट मरीन लॅबोरेटरीतल्या ह्यू आणि बफे या दोन नरांनी हे शक्य आहे हे दाखवलं. ठरलेल्या खुणेपाशी येऊन थांबणं, पाठीवर वळणं, रक्त काढू देणं, हे सगळं ते बिटाच्या किंवा सफरचंदाच्या तुकड्यावर शिकले. अर्थात हे कायम सांभाळात राहणाऱ्यांसाठी. परत रानात जायच्या जनावराला माणसाच्या हाताची गोडी लावायची नाही, हे सांगताना जीव थोडा खट्टू होतो, कारण पिल्लं फार लाघवी असतात.

सोडण्याआधी आणि सोडल्यावर

पोरक्या पिल्लाला सोडायला साधारण ६०० पौंड, म्हणजे २७२ किलो वजन लागतं. त्याआधी लेट्यूस कमी करून खरं समुद्रगवत आणि पाणवनस्पती द्यायच्या, त्याही तळाशी, कारण रानात पाला वरून पडत नाही. रक्त स्वच्छ, जखमा भरलेल्या, तरंगणं सपाट. पोरक्यांना बहुधा हिवाळ्यात गरम झऱ्यांपाशी सोडतात. तिथे इतर मॅनाटी जमलेल्या असतात आणि ऊब कुठे मिळते हे त्यांच्याबरोबर राहून कळतं.

शेपटीच्या मुळाशी पट्टा, त्याला दांडी, दांडीला तरंगती उपग्रह-खूण. झाडात अडकलं तर तुटावं म्हणून जोड मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. काही महिन्यांनी होडीतून माणसं जातात, जनावर धरतात, पुन्हा घेर, चरबी, रक्त, आणि जुन्याच क्रमांकाखाली नोंद. वजन उतरलेलं असेल तर जनावर परत आणतात. बाकी दिवशी उपग्रह फक्त ठिकाण सांगतो. वहीतला शेणाचा रकाना रिकामा राहतो, आणि मला अजूनही सकाळी त्याची चुटपुट लागते.